१९७५ सालचे सिनेमे : तुमचा लाडका कोणता?

वाळवणी (धागाकर्ती)
मंडळी, वर्ष एकच घ्यायचं, १९७५. जानेवारीत 'दीवार', एप्रिलमध्ये 'चुपके चुपके', १५ ऑगस्टला 'शोले'. त्याच वर्षात 'आँधी', 'मिली', 'जूली', 'खुशबू', 'निशांत', 'जय संतोषी माँ'. आपल्या मराठीत 'सामना' आणि 'पांडू हवालदार'. एवढं सगळं एकाच कॅलेंडरात कसं मावलं देव जाणे.
नियम साधे. हिंदी किंवा मराठी, एकच नाव, आणि कारण द्यायचं. 'शोले' म्हणणाऱ्यांना जादा अट : एकही डायलॉग लिहायचा नाही. ते सगळ्यांना पाठ आहेत, पाठांतर म्हणजे कारण नव्हे. माझं मत नंतर देईन. आत्ता दिलं तर सगळे माझ्यावरच तुटून पडाल.

बाल्कनीवाला
अट मान्य. 'शोले'च.
लॅमिंग्टन रोडचं मिनर्व्हा ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ७० एमएमचा पडदा, चहूकडून येणारा आवाज. पण माझं कारण गोळीबार नाही, गब्बरही नाही. संध्याकाळ झालेली असते. वर हवेलीच्या व्हरांड्यात पांढऱ्या साडीतली राधा एकेक दिवा मालवत जाते. खाली पायरीवर बसून जय माउथ ऑर्गन वाजवत असतो. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. शेवटचा दिवा जातो, ती आत वळते, संपलं. कॅमेरामन द्वारका दिवेचांना तो मावळतीचा नेमका उजेड हवा होता आणि तो रोज जेमतेम काही मिनिटंच मिळायचा. म्हणून एवढ्याशा तुकड्यासाठी युनिटनं दिवसच्या दिवस घालवले. मारधाडीच्या सिनेमात एवढी सबुरी कोण दाखवतो हो?
घ्या. एकही डायलॉग नाही.

काडीपेटी
काका, पण पहिल्या आठवड्यात 'शोले' पडल्यातच जमा होता ना? समीक्षकांनी पण धुतला होता म्हणे. म्हणजे लोकांनी आधी बघितला आणि मग सवडीनं ठरवलं की आपल्याला आवडलाय.

बाल्कनीवाला
थंड होता खरा सुरुवातीला. म्हणून काय झालं? नंतर तोंडोतोंडी पसरला तो मिनर्व्हाला पाच वर्षं हलला नाही. पॉलिडॉरनं गाण्यांच्या जोडीला संवादांची तबकडी काढली, ती पानाच्या ठेल्यापासून गणपतीच्या मांडवापर्यंत वाजायची. न पाहिलेल्यालासुद्धा सिनेमा पाठ. जाहिरात करून असं होत नाही, बाळा.

प्राजक्ता९८
मी या सगळ्याच्या खूप नंतर जन्मले, त्यामुळे आठवणींची फोडणी माझ्याकडे नाही. 'शोले' आणि 'दीवार' दोन्ही मी फोनवर पाहिले. 'शोले' फोनवर निम्मा मरतो. 'दीवार' अजिबात मरत नाही. माझं मत 'दीवार'.
'दीवार'ची सुरुवात कुणी सांगतच नाही. बाप युनियनचा पुढारी, मालक त्याच्या बायकापोरांना ओलीस धरतो, तो सही करतो आणि कामगारांच्या लेखी गद्दार ठरतो. मग घर सोडून परागंदा. पोराच्या हातावर लोक गोंदून ठेवतात की याचा बाप चोर आहे. आई पोरांना घेऊन मुंबईत येते आणि बांधकामावर विटा वाहते. हे सगळं अमिताभच्या एंट्रीआधी. पुढचा राग कुठून आला ते आपल्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो पोझ वाटत नाही. 'शोले'त जय-वीरू कुठून आले, कोणाचे कोण, काही पत्ता नाही.
आणि बंद गोदामातली मारामारी. विजय पीटरच्याच खुर्चीत बसून त्याच्या माणसांची वाट बघतो, मग आतून कुलूप लावून किल्ली पीटरकडे फेकतो. मारामारीच्या आधीच मारामारी संपलेली असते.

काडीपेटी
डायलॉगबंदी फक्त 'शोले'ला, 'दीवार'ला मोकळं रान. हा पक्षपात आहे. शशी कपूरच्या आईचं काय करायचं मग?

तिकीटबारी
तुम्ही हिरोंवरून भांडा, मी खालच्या ओळीतल्या नावांबद्दल बोलतो. सत्येन कप्पू. 'दीवार'मध्ये तो परागंदा झालेला बाप, आणि 'शोले'त ठाकूरचा नोकर रामलाल. इफ्तेखार 'दीवार'मध्ये विजयला धंद्यात आणणारा डावर, 'शोले'त राधाचे वडील. ए. के. हंगल तर 'शोले'त इमामसाहेब, 'दीवार'मध्ये पाव चोरणाऱ्या पोराचे वडील आणि 'आँधी'त वृंदाकाका. म्हणजे ७५ साली तिकीट कुठलंही काढा, हंगल आत बसलेलेच.
'शोले'त आपली माणसं किती ते पण बघा. कालिया म्हणजे विजू खोटे, इमामसाहेबांचा अहमद म्हणजे सचिन. आणि या सिनेमाला फिल्मफेअरचं एकच बक्षीस मिळालं, संकलनाचं, ते एम. एस. शिंद्यांना. चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा, संवाद, सगळं 'दीवार' घेऊन गेला. प्राजक्ताताई, त्या वर्षीचे परीक्षक तुमच्या बाजूचे.

बाल्कनीवाला
त्याच फिल्मफेअरनं पुढे पन्नास वर्षांतला सर्वोत्तम सिनेमा म्हणून 'शोले'लाच मान दिला, तेही लिहा की. सोयीचं तेवढंच लिहायचं होय?

पनवेलचा_पोर
'शोले'तल्या ट्रेनचं शूटिंग आमच्या पनवेलजवळ झालंय. जो तो 'शोले' म्हटलं की कर्नाटकातलं रामनगरच सांगतो. बाकी चालू द्या.

ताईमावशी
'जय संतोषी माँ'चं नाव यादीत टाकलंत पण कुणी हात लावेना. का, लाज वाटते का?
माझी आई आणि आळीतल्या बायका मिळून दुपारच्या खेळाला गेल्या होत्या, मला बरोबर नेलं होतं. थिएटरच्या दाराशी चपलांचा ढीग. पडद्यावर देवी आली की फुलं आणि पाच-दहा पैसे उधळायचे. इंटरव्हलला गूळ-चणे वाटले, आणि आंबट चालत नाही म्हणून चिंच-कैरीवाल्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. 'मैं तो आरती उतारूँ रे' उषाताईंनी गायलंय. लता-आशांच्या गर्दीत उषा मंगेशकरांचं नाव घरोघरी पोचलं ते या आरतीनं. अजूनही ती आमच्याकडे शुक्रवारी लागते.
आता सेट पुठ्ठ्याचे आहेत, मान्य. देवांच्या बायका एकमेकींशी भांडतात ते बघून आज हसू येतं. पण खाली पृथ्वीवर काय चाललंय ते बघा. नवरा परगावी, घरात जावा सुनेला राबवतात, उपाशी ठेवतात, आणि तिचं ऐकणारं कुणी नाही. त्या अंधारात बसलेल्या निम्म्या बायकांची ती घरची गोष्ट होती. आई डोळे पुसत होती ते देवीसाठी नव्हतं, हे मला माझं लग्न झाल्यावर कळलं.
अमिताभ नाही, मारामारी नाही, पैसा नाही, तरी 'शोले' आणि 'दीवार'च्या रांगेत बसून पैसे कमावले. माझं मत संतोषीमातेला.

वाळवणी (धागाकर्ती)
ताईमावशी, साष्टांग दंडवत. आतापर्यंतचा सर्वांत भारी प्रतिसाद.

चिकित्सक
धागाकर्तीनं आधी व्याख्या करायला हवी होती. १९७५ चा सिनेमा म्हणजे सेन्सॉर झालेला, प्रदर्शित झालेला की पुरस्कारासाठी धरलेला? 'छोटी सी बात' काही याद्यांत ७५, काहींत ७६. 'मौसम' वर्षाच्या टोकाला. 'सामना'समोर कुणी ७४ लिहितं, कुणी ७५. हे ठरल्याशिवाय मतांना अर्थ नाही.

वाळवणी (धागाकर्ती)
'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवात होता. माझ्या धाग्यात तेवढं पुरे. 'मौसम' आत, 'छोटी सी बात' बाहेर. का, ते विचारू नका. धागा माझा आहे.

रस्सा_मंडळ
तुम्ही सगळे मिनर्व्हात आणि फोनवर बसलाय. आमच्या भागात त्या साली सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू. आमचे आबा सांगतात, एका अंगाला बायका, एका अंगाला गडी, खाली वाळू, मागं जनरेटर धडधडतोय, रीळ तुटलं की शिट्ट्या. तिथं चालायचे दादा कोंडके. 'पांडू हवालदार' आबांनी किती वेळा बघितलाय ते त्यांनाच माहीत नाही.
शहरी लोक दादांचं नाव निघालं की नाक मुरडतात. डबल मीनिंग, डबल मीनिंग. अरे, पण पांडू कोण आहे? हवालदार. 'दीवार'मध्ये पोलीस म्हणजे इन्स्पेक्टर रवी, इस्त्रीची वर्दी, तत्त्वावर लेक्चर. 'शोले'तला ठाकूर तर जमीनदारच. साधा हवालदार, ज्याला वरचे हाकतात आणि खालचे हसतात, तो हिरो कुणी केला? दादांनी. जोडीला अशोक सराफ, दुसरा हवालदार. मामांना लोकांनी खऱ्या अर्थानं उचललं ते या सिनेमापासून. उषा चव्हाणची पारू केळेवाली तर विचारूच नका.
आणि संगीत राम-लक्ष्मण. ही जोडी दादांनी इथंच उभी केली. पुढं यातल्या लक्ष्मणनं, म्हणजे विजय पाटलांनी, 'मैंने प्यार किया' दिला. मुंबईवाल्यांनी त्यावर नाचताना 'पांडू'ची आठवण ठेवली होती का?

बाल्कनीवाला
रस्सा, दादांना मी पण मानतो रे. दादांचा 'सोंगाड्या' लावण्यावरून दादरच्या कोहिनूर थिएटरात जे रामायण झालं ते आम्ही जवळून पाहिलंय. पण 'पांडू'च्या शेजारी 'शोले' ठेवून काय सिद्ध करायचंय?

रस्सा_मंडळ
हेच, की तुमचा मोठा पडदा आणि आमची वाळू, दोन्हीकडं तिकीट काढूनच माणूस आत गेला होता.

अबोली_वास्को
'जूली'बद्दल दोन शब्द, मत नाही. राजेश रोशनची गाणी अप्रतिम, प्रीती सागरचं इंग्रजी गाणं आजही आमच्याकडे लग्नात वाजतं. नादिराला आईच्या कामासाठी फिल्मफेअर मिळालं ते अगदी योग्य. पण हिंदी सिनेमात ख्रिश्चन घर आलं की बाप दारू पिणार आणि मुलगी फ्रॉकमध्ये घसरणार हे ठरलेलंच. 'जूली'त निदान त्या घराला माणसं म्हणून दाखवलंय, म्हणून जास्त राग येत नाही. थोडा येतो.

सीमाभागी
बेळगावहून. हिंदी-मराठीची अट मान्य, पण एक नोंद करू द्या. त्या वर्षीचं राष्ट्रीय सुवर्णकमळ 'शोले'ला नाही, 'दीवार'ला नाही, कन्नड 'चोमन दुडी'ला होतं. शिवराम कारंतांची कादंबरी, बी. व्ही. कारंतांचं दिग्दर्शन. चोमाला एवढंच हवं असतं की आपली म्हणून थोडी जमीन कसावी. जातीमुळे ती मिळत नाही. बोलता येत नाही तेव्हा तो डफ बडवतो. वासुदेव राव यांना अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक याच कामासाठी. भाषा कळली नाही तरी बघा, डफ कळतो.
मत द्यायचं तर 'सामना'.

झेडपी_मास्तर
सीमाभागींनी वाट मोकळी केली म्हणून लिहितो. जरा लांबेल.
७५ साल म्हटलं की सगळे 'अँग्री यंग मॅन' म्हणतात. मी ते वर्ष मास्तरांचं म्हणतो. माझ्या पेशाचा अभिमान वगैरे समजा, पण यादी बघा.
'निशांत'. निजामाच्या तेलंगणातलं गाव, जमीनदाराचे भाऊ शाळामास्तरची बायको दिवसाढवळ्या उचलून नेतात. मास्तर म्हणजे गिरीश कार्नाड. तो पोलिसाकडे जातो, वकिलाकडे जातो, कलेक्टरकडे जातो. सगळीकडून हात हलवत परत. शेवटी देवळातल्या पुजाऱ्याला हाताशी धरून गाव उठवतो.
'सामना'. दारूत बुडालेला एक म्हातारा, डॉ. लागू, भरकटत एका साखर कारखान्याच्या गावात येतो. हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले, त्याला वाड्यावर ठेवून घेतो. त्याला सगळे मास्तरच म्हणतात. आणि हा मास्तर एकच प्रश्न धरून बसतो : मारुती कांबळेचं काय झालं?
दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. एकाच सुमारास एका माणसानं दोन गावं, दोन वाडे आणि दोन मास्तर लिहिले. एक दिग्दर्शक जब्बार पटेल, दुसरे श्याम बेनेगल. आणि दोन्हींत स्मिता पाटील, मोहन आगाशे.
पुढे. 'दीवार'मध्ये इन्स्पेक्टर रवी पाव चोरणाऱ्या पोराच्या पायात गोळी घालतो आणि मग त्याच्या घरी जातो. ते घर कुणाचं? रिटायर्ड मास्तरचं. तिकीटबारींनी म्हटलेले हंगल. त्या म्हाताऱ्याचं ऐकूनच रवी भावावरची केस हातात घेतो. सगळ्या सिनेमाची कळ एका मास्तरच्या दोन खोल्यांत फिरते. 'चुपके चुपके' तर प्रोफेसरांचाच : बॉटनीचा प्रोफेसर ड्रायव्हर होतो आणि इंग्रजीचा प्रोफेसर बॉटनी शिकवतो.
बंदूकवाल्यांची पोस्टरं लागली, पण 'हे असं का?' हे विचारायचं काम त्या वर्षी पडद्यावर मास्तरांकडेच होतं. जूनमध्ये आणीबाणी लागली, त्यानंतर तर प्रश्न विचारायला मास्तरही उरले नाहीत.
माझं मत 'सामना'.

काडीपेटी
'शोले'त मास्तर सापडला नाही का? गब्बर पण प्रश्न विचारतोच की. माणसं किती होती वगैरे.

झेडपी_मास्तर
तो तोंडी परीक्षा घेतो, आणि नापास झाल्यावर गोळी घालतो. आमच्या खात्यात चालत नाही ते.

प्राजक्ता९८
मास्तर, भारी जोडलंय. पण एक शंका. 'निशांत' आणि 'सामना' यांत तुम्ही 'सामना' का निवडलात? मला 'निशांत' जास्त धीट वाटतो. 'सामना'त शेवटी चौकशी, पोलीस, कायदा. म्हणजे व्यवस्था काम करते यावर विश्वास आहे. 'निशांत'मध्ये तो विश्वास आधीच उडालेला. लोक स्वतः वाड्यात घुसतात.

झेडपी_मास्तर
घुसतात आणि मग काय करतात ते आठवा. दोषी कोण, बिनदोषी कोण, जमावाला काही उरत नाही. स्मिता पाटीलचं पात्र त्या घरात स्वतःच पिचलेलं, तिलाही सोडत नाहीत. ज्या बाईसाठी उठाव झाला ती शबाना डोंगराकडे पळतेय आणि लोक तिच्याही मागे. मास्तरनं पेटवलं आणि ते त्याच्या हातात राहिलं नाही. तेंडुलकर तिथं टाळ्या मागत नाहीत. धीट आहेच. पण मला 'सामना' पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो तो निळूभाऊंसाठी.
मिमिक्रीवाल्यांनी या माणसाला बायकांना वाड्यावर बोलावणारा एवढंच करून ठेवलंय. 'सामना'तला हिंदुराव बघा. तो ओरडत नाही. पाहुणचार करतो, कारखाना दाखवतो, मास्तरला प्यायला देतो. गावासाठी आपण काय काय केलं ते तो अभिमानानं सांगतो, आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. म्हणून तर अंगावर येतो. गब्बर रामगडला काय देतो? काही नाही. हिंदुराव देतो, आणि दिलेल्याच्या बदल्यात एका माणसाचं काय झालं ते गावानं विसरायचं असतं. असली माणसं मी मीटिंगांत समोरासमोर बघितली आहेत. नावं घेत नाही.

सीमाभागी
त्यात आरती प्रभूंचं 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे'. भास्कर चंदावरकरांची चाल, रवींद्र साठ्यांचा आवाज. दारू प्यालेला माणूस चालत जातोय आणि मागे हे. लागूंना वेगळं काही करावं लागत नाही.

बाल्कनीवाला
मास्तर, 'सामना' ग्रेटच. पण 'शोले'तला ठाकूरही कायद्यावरच येऊन थांबतो, बरं का. मूळ शेवटात तो खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरनं अडवलं, निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे चालणार नाही म्हणाले. मग पोलीस आणून शेवट नव्यानं चित्रित केला. तेव्हा ७५ साली पोलीस शेवटी का येतात याचं उत्तर नेहमी लेखकाकडेच असतं असं नाही. २०२५ मध्ये बोलोन्याला मूळ शेवटासकट दुरुस्त केलेली प्रत दाखवली तेव्हा कुठे पन्नास वर्षांनी ठाकूरचा राग निघाला.

तिकीटबारी
सेन्सॉर निघालंच आहे तर माझं मत एका न दिसलेल्या सिनेमाला. अमृत नाहटांचा 'किस्सा कुर्सी का'. ७५ मध्ये सेन्सॉरकडे गेला, आणीबाणीत प्रिंट आणि निगेटिव्ह जप्त करून जाळून टाकल्या. पुढे आणीबाणीची चौकशी करणारा शहा आयोग, खटला, सगळं झालं. नाहटांनी तो परत बनवून आणला, तो आपण बघतो. ७५ चा कुणीच पाहिला नाही.
आणि 'आँधी'. ती तर थिएटरात चालू असताना उतरवली. सुचित्रा सेनच्या केसांतली ती पांढरी बट, कडक सुती साड्या, भरभर चालणं, लोकांना त्यात इंदिरा गांधी दिसायच्या त्या दिसल्याच. ७७ मध्ये सत्ता बदलल्यावर परत आली.

चिकित्सक
न पाहिलेल्या सिनेमाला मत कसं देता येईल?

तिकीटबारी
जाळणाऱ्यांनी पाहिला होता, त्यांना तो बराच जोरदार वाटला असणार. तेवढी शिफारस मला पुरते.

गोदाकाठ
अरे, हसा की जरा. 'चुपके चुपके'ला एकही मत नाही? मास्तरांनी नुसतं यादीत कोंबलं. हृषीदांनी (हृषिकेश मुखर्जी) त्याच वर्षी 'मिली' करून रडवलं आणि 'चुपके चुपके' करून हसवलं, दोन्हींत अमिताभ-जया, दोन्हींना संगीत सचिनदांचं, म्हणजे एस. डी. बर्मन यांचं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर सचिनदा गेले. 'मिली'तलं 'बडी सूनी सूनी है' ऐकताना ते डोक्यातून जातच नाही.
पण मत 'चुपके चुपके'ला. या सिनेमात खलनायकच नाही. शुद्ध हिंदीचा हट्ट धरणारे ओमप्रकाश, त्यांची जिरवायची एवढाच बेत, आणि त्यासाठी अख्खं खानदान खोटं बोलतं. धर्मेंद्र त्याच वर्षी टाकीवर चढून पण हसवतो आणि इथं ड्रायव्हरच्या टोपीत पण. मला टोपीतला जास्त आवडतो, कारण तो हसत नाही. आणि सिनेमातला तो बंगला होता निर्माते एन. सी. सिप्पींचा. पुढे तो अमिताभनं घेतला, आज रविवारी लोक ज्या 'जलसा'बाहेर उभे राहतात तोच.

वाळवणी (धागाकर्ती)
चला, आता माझं. 'आँधी'.
गाण्यांसाठी नाही, गाणी तर आहेतच. गुलजारांनी त्या वर्षी 'खुशबू', 'मौसम' आणि 'आँधी' केले, तिन्हींत बायका लक्षात राहतात, पण आरतीदेवी एकटीच अशी जिला काहीतरी व्हायचंय. ती घर सोडते आणि सिनेमा तिला त्याची शिक्षा देत नाही. नऊ वर्षांनी नवरा भेटतो तो हॉटेलचा मॅनेजर म्हणून. दोघं रात्री चोरून फिरतात, कारण विरोधकांनी पाहिलं तर बोभाटा. स्वतःच्या नवऱ्याला भेटायची चोरी! संजीव कुमारला त्या वर्षी अभिनयाचं फिल्मफेअर मिळालं ते ठाकूरसाठी नाही, या मॅनेजरसाठी. बाल्कनीवाले काका, याची नोंद घ्यावी.

प्राजक्ता९८
ताई, पण शेवटी तिला परत पाठवतो तोच ना? तू जा, जिंक, वगैरे. म्हणजे परवानगी नवऱ्याचीच लागली.

वाळवणी (धागाकर्ती)
लागली. ७५ सालच्या हिरोनं ती दिली याचंच मला अप्रूप. आज किती देतात मला माहितीये, मी लग्नाच्या मंडळात काम करते.

ताईमावशी
वाळवणी, यावर वेगळा धागा काढ. माझ्याकडे मटेरियल आहे.

चिकित्सक
एकूण मतं मोजणार का? माझ्या हिशेबानं 'सामना' पुढे आहे, पण तिकीटबारींचं मत अवैध धरावं लागेल.

वाळवणी (धागाकर्ती)
नाही मोजणार. मोजलं की बाल्कनीवाले काका तीन आयडी काढतील.

बाल्कनीवाला
एकाचा पासवर्ड लक्षात राहत नाही, तीन कुठून काढू!

रस्सा_मंडळ
मास्तर, तुमचं ऐकून काल रात्री आबांना 'सामना' लावून दिला. तेव्हा बघितला नव्हता म्हणाले, तमाशा नाही, कॉमेडी नाही, कशाला पैसे घालवायचे. आबांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली. निळूभाऊ कारखाना दाखवायला लागले तसे सरसावून बसले, "हे बॉयलिंग हाऊस, ही मिल" असं मला सांगायला लागले. अर्ध्यानंतर एकदम गप्प. मध्येच म्हणाले, आमच्या गावात पण होता एक मारुती, नाव वेगळं होतं. मी विचारलं कोण, तर म्हणाले, सिनेमा बघ गप.
संपल्यावर म्हणाले, चांगलाय, पण आता 'पांडू' लाव. पावणेबाराला 'पांडू' लावला. आई ओरडली दोघांनाही.